जुने खेळ, फ्रीडॉस आणि आपली पाठचिकित्सा

एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधातील आठ पानांचे परिशिष्ट गाळावे, अशी सूचना तिच्या मौखिक परीक्षेत झाली आणि तिने ती मुकाट्याने मान्य केली. मार्गदर्शक या नात्याने मी तिथे हजर होतो आणि मीही फारसे काही बोललो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या न बोलण्याची भरपाई, असे कोणी म्हटले तरी माझी हरकत नाही.

लघुप्रबंधाचा विषय होता कथनातील 'दुसरा मी', म्हणजे सावली, प्रतिबिंब, जुळा भाऊ इत्यादी. काही कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला तिने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकावरील खेळ संहिता म्हणून घेतला होता. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने रचलेला हा खेळ १९८९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी आणि १९९० साली डॉससाठी प्रसिद्ध झाला. खेळाला संहिता म्हणण्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. तेवढे औदार्य अलीकडे आपल्या विभागांनी अंगी बाणवले आहे. तक्रार होती ती परिशिष्टाबद्दल. आपण खेळाची कोणती आवृत्ती वापरली, ती कोणत्या यंत्रावर चालवली, त्या यंत्रावर फ्रीडॉस ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली कशी बसवली, कोणत्या अडचणी आल्या आणि कोणत्या सुटल्या नाहीत, याची तिने तिथे काटेकोर नोंद केली होती. "हा तांत्रिक तपशील झाला, वाङ्मयाशी याचा संबंध काय? खेळ पाहायचाच असेल तर चित्रफिती आहेत की इंटरनेटवर," असे एक परीक्षक म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझे म्हणणे असे की, त्या प्रबंधातला सर्वांत वाङ्मयीन भाग हे परिशिष्टच होते. ते गाळायला लावून आपण आपल्याच शास्त्राचा एक मूलभूत नियम मोडला. संहितेबद्दल बोलण्यापूर्वी ती आपण कोणत्या प्रतीवरून आणि कशी वाचली हे सांगावे, हा तो नियम. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण तो डोळ्यांत तेल घालून पाळतो. संगणकाची गोष्ट आली की तोच नियम 'तांत्रिक तपशील' कसा होतो?

आधी चित्रफितीचा मुद्दा घेऊ.

या खेळाची कथा सांगायला दोन वाक्ये पुरतात. सुलतान दूरदेशी गेला असता जाफर वजीर राजकन्येला कोंडून लग्नासाठी एका तासाची मुदत देतो. तळघरात टाकलेल्या नायकाने त्या साठ मिनिटांत वरपर्यंत पोहोचायचे आहे. हा तास कथेतला नसून भिंतीवरच्या घड्याळातला आहे. नायक मेला तर त्या लेव्हलच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात होते. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत. चौथ्या लेव्हलमध्ये वाट अडवून एक आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारून पार व्हावे लागते. तसे केले की आरशातून नायकाची सावली विरुद्ध दिशेने बाहेर पडते आणि नायकाच्या अंगी जेमतेम एका घावापुरती शक्ती उरते. पुढे ही सावली त्याच्या वाटेचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावून घेते. बाराव्या लेव्हलमध्ये दोघे समोरासमोर येतात. तलवार उपसून सावलीवर केलेला प्रत्येक वार नायकालाही लागतो. तिला मारले की तोही मरतो. सुटकेचा मार्ग एकच: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचे.

चित्रफीत पाहणाऱ्याला हे सारे 'कळते'. पण चित्रफितीत तलवार दुसऱ्याच कोणीतरी म्यान केलेली असते. खेळणाऱ्याने त्याआधी अकरा लेव्हल ज्या सवयीवर पार केलेल्या असतात, तीच सवय इथे त्याचा घात करते. समोर तलवारधारी आला की वार करायचा, हे त्याच्या बोटांत भिनलेले असते. वर घड्याळ चालू असते. बोट आवरणे हाच तिथे अर्थबोध आहे. गाइड वाचून कवितेचा आशय परीक्षेत लिहिता येतो, हे आपण सगळे जाणतो आणि तरीही त्याला कवितेचे वाचन म्हणत नाही. मग चित्रफितीला खेळाचे वाचन कोणत्या न्यायाने म्हणायचे?

या सावलीचा जन्मही ध्यानात घेण्यासारखा आहे. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाचे धावणे-उड्या मारणे चित्रित करून त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या होत्या. त्या चित्रांनी अ‍ॅपल टूची तुटपुंजी स्मृती इतकी व्यापली की स्वतंत्र शत्रू रेखाटायला जागाच उरली नाही. तेव्हा नायकाचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावरच पुन्हा उमटवण्याची युक्ती त्याने केली आणि एक लखलखती छाया निर्माण झाली. शत्रूसाठी जागा नव्हती, म्हणून नायकच आपला शत्रू झाला. 'दुसरा मी' या कल्पनेची चर्चा करणाऱ्या प्रबंधाला याहून जवळचा पुरावा कोणता हवा होता? आणि हा पुरावा 'तांत्रिक तपशिला'तच होता.

आता फ्रीडॉसकडे वळतो, कारण परिशिष्टाचा मुख्य भाग त्याविषयी होता आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण समजून घ्यावे अशी माझी इच्छा आहे.

डॉससाठी लिहिलेला खेळ आजच्या संगणकावर सहसा सुरू होत नाही. चौसष्ट-बिटी विंडोज सोळा-बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ फक्त चौसष्ट-बिटीच आहे. फाइल शाबूत असते. तिच्यातला एकही अंक हललेला नसतो. पण ती वाचणारे कोणी नसते. मराठीच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नसावी. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके मठांतून जपले गेले, परंतु सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा कुठे 'लीळाचरित्र' आणि त्याबरोबरचे गद्य मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आले. तोवर पोथ्या होत्या, वाङ्मय नव्हते. जतन आणि वाचनीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कोणी परक्याने शिकवण्याची गरज नाही.

फ्रीडॉस ही अशीच एक किल्ली आहे. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट डॉस मागे टाकून विंडोजकडे वळणार हे स्पष्ट होऊ लागले, तेव्हा जिम हॉल या विस्कॉन्सिनमधील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने २९ जून रोजी एक सार्वजनिक निवेदन केले: सर्वांसाठी मुक्त असा डॉस आपण मिळून लिहू या. पॅट व्हिलानी यांनी आपला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या कामासाठी खुला केला. निरनिराळ्या देशांतले लोक फावल्या वेळात भर घालत राहिले. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, सप्टेंबर २००६ मध्ये निघाली. म्हणजे निवेदनानंतर बारा वर्षांनी. आवृत्ती १.४ एप्रिल २०२५ मध्ये आली. ज्या प्रणालीला तिच्या मालकाने निरोप दिला, तिची मुक्त प्रतिकृती तीस वर्षांनंतरही सांभाळली जाते आहे.

'प्रतिकृती' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, कारण साहित्याच्या लोकांच्या मनात त्याबद्दल एक अढी असते. फ्रीडॉस ही मूळ डॉसची नक्कल आहे काय? नाही. मूळ डॉसची आज्ञावली तिच्यात उतरवून घेतलेली नाही. ती नव्याने लिहिलेली आहे. सारखे ठेवले आहे ते फक्त प्रोग्रॅमशी होणारे बोलणे. खेळाला फाइल वाचायची असेल, वेळ विचारायची असेल, तर तो एक ठरलेली हाक मारतो. तिला इंटरप्ट २१ म्हणतात, आणि कोणते काम हवे याचा क्रमांक तो सोबत देतो. हाकेला ओ देणारा कोण आहे याची खेळाला पर्वा नसते. ओ ठरल्याप्रमाणे आली म्हणजे झाले. त्यांतले एक काम 'तुझी आवृत्ती कोणती?' असे विचारण्याचे आहे. फ्रीडॉस तिथेही जुन्या डॉसला शोभेल असाच आकडा सांगतो.

एवढ्यावर भागले असते तर काम सोपे होते. पण जुने प्रोग्रॅम शिष्टाचार पाळत नसत. माहितीपुस्तिकेत कुठेही न छापलेल्या, डॉसच्या पोटातल्या याद्या ते परस्पर उघडून पाहत. १९९० साली निघालेले 'अनडॉक्युमेंटेड डॉस' हे जाडजूड पुस्तक याच अलिखित व्यवहाराबद्दल आहे. सुसंगत प्रणालीला म्हणूनच मूळचे दस्तऐवज पाळून चालत नाही. मूळच्या सवयी, खोडी, क्वचित चुकासुद्धा पाळाव्या लागतात. लेखनिकाने जागोजाग केलेली चूक संपादकाने मनानेच सुधारली की मागाहून येणाऱ्याचा पाठनिर्णय चुकतो, हे जे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो, ते या लोकांनी कोणत्याही विद्यापीठात न जाता अमलात आणले आहे.

सुसंगतता ही निरागस तांत्रिक बाब नाही, हेही इथेच नोंदवले पाहिजे. १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत एक लपवलेली तपासणी होती. खाली मायक्रोसॉफ्टचा डॉस नसून स्पर्धकाचा डीआर-डॉस असेल, तर ती एक भयसूचक संदेश दाखवी. विक्रीस आलेल्या आवृत्तीत ती निष्क्रिय ठेवलेली होती, पण काढलेली नव्हती. डीआर-डॉसचे हक्क पुढे ज्या कंपनीकडे गेले, तिने १९९६ साली मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. त्यात हे प्रकरण चर्चिले गेले आणि २००० साली दावा तडजोडीने मिटला. 'हा ग्रंथ आमच्याच दिव्याच्या उजेडात वाचावा' असे म्हणणारा प्रकाशक आपण कधी पाहिलेला नाही. संगणकाच्या जगात तो होता आणि आहे. फ्रीडॉससारखे प्रकल्प हे त्याला दिलेले उत्तर आहे.

आता दुसरा आक्षेप. खेळ लोकप्रिय असेल तर त्याची नवी आवृत्ती निघतेच. मग जुन्याचा अट्टहास कशासाठी? 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चीही २००७ साली 'क्लासिक' या नावाने नवी आवृत्ती निघाली. मांडणी जुनीच, चित्रे नवी. तिच्यात वाईट काहीच नाही. 'ज्ञानेश्वरी'चे सुबोध गद्य रूपांतर वाचण्यातही वाईट काही नाही. परंतु त्यावरून कोणी ज्ञानेश्वरांच्या भाषेवर प्रबंध लिहू लागला, तर आपण त्याला घरी पाठवू. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा दंडकही घालून दिला. नवी आवृत्ती संहिता बदलते, म्हणजे आजच्या यंत्राला आणि आजच्या डोळ्याला मानवेल तशी करते. सुसंगत प्रणाली संहितेला हात लावत नाही; ती संहितेखालची जमीन पुन्हा तयार करते. अभ्यासकाला यांपैकी काय हवे, हे सांगण्याची गरज नसावी.

पुन्हा, सगळ्याच खेळांच्या नशिबी नवी आवृत्ती नसते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. जे विकले जाईल तेवढेच टिकेल, हा न्याय आपण काव्याला लावला असता तर आपल्या अभ्यासक्रमात काय उरले असते, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ते विचारतात: डॉसबॉक्स असताना फ्रीडॉसची यातायात का? डॉसबॉक्स हा २००२ पासून उपलब्ध असलेला मुक्तस्रोत इम्युलेटर. तो अख्खा जुना संगणकच आजच्या संगणकाच्या आत उभा करतो: प्रोसेसर, ध्वनिपत्र, पडदा, आणि खेळांपुरता डॉससुद्धा. बहुतेकांना बहुतेक खेळांसाठी तो पुरतो, हे मी मान्य करतो. काही बाबतींत तर तो फ्रीडॉसपेक्षा सरस आहे. ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर बेतलेला खेळ वेगवान यंत्रावर इतका सुसाट पळतो की खेळताच येत नाही. डॉसबॉक्समध्ये वेग कमी करता येतो, फ्रीडॉसला ते सहजी साधत नाही. टर्बो पास्कलमध्ये रचलेले काही प्रोग्रॅम सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. घड्याळाच्या एका टोल्यात यंत्र किती फेऱ्या मारते हे ते आधी मोजतात. यंत्र फार जलद असले की भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. दोष खेळाच्याच अंगी असतो, मूळ काळात तो कधी उघडा पडला नव्हता इतकेच. अशा ठिकाणी कार्यप्रणाली हतबल असते.

तरीही फ्रीडॉसची गरज उरते. डॉसबॉक्समधला डॉस खेळांपुरता आहे. फ्रीडॉस ही खरी कार्यप्रणाली आहे. ती प्रत्यक्ष यंत्रावर चालते आणि आभासी यंत्रातही चालते. डॉसेमूसारखी साधनेही तिचाच आधार घेतात. खेळाभोवतीचे सारे, म्हणजे त्याची मांडणी बदलणारे प्रोग्रॅम, आज्ञावली रचण्याची साधने, ६४० किलोबाइट स्मृतीत जागा काढण्याची खटपट, तिच्यात जशीच्या तशी करता येते. आणि मुख्य म्हणजे जुने यंत्र अजून जिवंत आहे तोवर खेळ खऱ्या यंत्रावर पाहण्याची संधी ती देते. माझ्या विद्यार्थिनीने तेच केले. प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकांनी तिला उभे केले नाही, कारण त्यांत जुनी बायोस उरलेली नव्हती आणि फ्रीडॉसला ती लागते. मग अडगळीच्या खोलीतून एक जुने यंत्र निघाले. फ्रीडॉस बसला. खेळ सुरू झाला, पण मुका. यंत्रातले ध्वनिपत्र खेळाला ठाऊक असलेल्या जातीचे नव्हते. तिने मांडणी बदलून आवाज यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरकडे वळवला, आणि तलवारींचा तो पातळ, टिकटिकणारा आवाज खोलीभर झाला. आमच्या पिढीतल्या ज्यांनी नव्वदच्या दशकात शाळा-कॉलेजांच्या संगणक कक्षांत सरांची पाठ वळताच हा खेळ लावला, त्यांनी बहुधा हाच आवाज ऐकला आहे. ध्वनिपत्र तेव्हा आपल्याकडे कितीशा यंत्रांत होते? म्हणजे 'मूळ अनुभव' तरी कोणता, हा प्रश्न तिने परिशिष्टात उपस्थित केला होता. हा प्रश्न वाङ्मयीन नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी ग्रहणसिद्धान्तावरची आपली टिपणे एकदा चाळावीत.

याच परिशिष्टात पाठभेदांची नोंद होती. डॉसवरच्या पहिल्या आवृत्तीत खेळाच्या नावापुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकून सुरुवात केली की वाटेल त्या लेव्हलला जाता येई. पुढच्या आवृत्तीत तो शब्द बदलला. पहिली लेव्हल संपल्यावर एक खोली लागते, तिथे अक्षरे लिहिलेली औषधे मांडलेली असतात. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतील अमुक शब्दाचे आद्याक्षर असलेले औषधच प्यायचे. चोरून उतरवलेल्या प्रतींना अटकाव म्हणून केलेली ही योजना. छापील पुस्तिकेवाचून पडद्यावरची कथा पुढे सरकू नये, अशी ही बांधणी होती! आपल्याकडच्या कित्येक प्रतींतून ही खोलीच कोणीतरी कापून काढलेली असे. म्हणजे आपण एक खंडित प्रत वाचत होतो आणि ती खंडित आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते.

इथे कायद्याचा प्रश्न येतो. 'जुने खेळ चालवणे म्हणजे पायरसी' असे सरसकट बोलले जाते. जुना म्हणून एखादा खेळ आपोआप मुक्त होत नाही, हे खरे आहे. ती विद्यार्थिनी एका स्नेह्यांनी विकत घेतलेली, पुस्तिकेसह जपलेली मूळ प्रत वापरत होती. पण भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो ते पाहा. त्याच्या व्याख्येनुसार संगणकाचा प्रोग्रॅम ही 'साहित्यकृती' आहे. आपल्या विभागांना जे मान्य करायला जड जाते, ते संसदेने केव्हाच लिहून ठेवले आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला रक्षणासाठी आणखी प्रत करण्याची, त्याचे कार्य न्याहाळून अभ्यास करण्याची, आणि दुसरा स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी सुसंगत करण्यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढण्याची मुभा आहे. म्हणजे सुसंगततेला कायद्यात जागा आहे. नाही ती ग्रंथालयात. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन शहरांतल्या ग्रंथालयांत जमा व्हायचे असते. तो कायदा पुस्तकांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी आहे. या दुसऱ्या जातीच्या 'साहित्यकृती'साठी नाही.

परदेशात सारे आलबेल आहे अशातला भाग नाही. अमेरिकेत ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातले जुने खेळ संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फेटाळली गेली. दिलेल्या कारणांत एक असे होते की, जतन केलेले खेळ लोक करमणुकीसाठी वापरतील. वाचकाला आनंद होईल या भीतीने कादंबरी कुलुपात ठेवणारे ग्रंथालय कोणी पाहिले आहे काय?

असो. शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, तो असा की, ही सारी स्मरणरंजनाची हौस आहे, मराठीच्या विभागाला तिचे काय? त्याचे उत्तर खेळांच्या पलीकडे, पण त्याच मार्गावर आहे. मराठी मजकूर संगणकावर आला तो युनिकोडच्या आधी, डॉसच्या काळात. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाचे एक पत्र संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यासाठीची 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ साली प्रमाणित झाली. त्या दशकातले हिशेब, याद्या, सूची, लेख, कदाचित कोणा लेखकाचे कच्चे खर्डे, अशाच साधनांवर टंकले गेले. एखाद्या लेखकाच्या कपाटात आज ती फ्लॉपी सापडली तर आपला कोणता विभाग ती उघडू शकेल? नुसता फ्रीडॉस तिथे पुरणार नाही. पत्रही हवे किंवा त्याची जागा घेणारे काही हवे. पण जो विद्यार्थी खेळाच्या निमित्ताने डॉस उभा करायला, मुके यंत्र बोलते करायला शिकला आहे, त्यालाच निदान कुठून सुरुवात करायची हे कळेल. परीक्षकांनी गाळायला लावलेल्या आठ पानांत हे शिक्षण होते.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक साहित्यविभागाने अडगळीतले एक जुने यंत्र भंगारवाल्यापासून वाचवावे आणि त्यावर फ्रीडॉस बसवावा. त्याला पैसे पडत नाहीत. संगणकीय संहितेवर लिहिणाऱ्याने प्रतीचे वर्णन देणे सक्तीचे करावे: आवृत्ती कोणती, कार्यप्रणाली कोणती, यंत्र प्रत्यक्ष की इम्युलेटर, वेग किती, आवाज कोणता, काय चालले नाही. हे वर्णन नसेल तर प्रबंध परत करावा, जसा आपण हस्तलिखिताचा ठावठिकाणा न देणाऱ्याचा करतो. आणि 'चित्रफीत पाहिली' हे उत्तर 'गाइड वाचले' या उत्तराइतकेच लाजिरवाणे मानावे.

लघुप्रबंध परिशिष्टाविना ग्रंथालयात जमा झाला आहे. ती आठ पाने माझ्याकडे आहेत, आणि ते यंत्रही अजून विभागात आहे. मागच्या आठवड्यात ते चालू करून पाहिले, चालते. पुढच्या वर्षी या विषयावर लिहू पाहणाऱ्याच्या हाती मी आधी ती पाने देईन आणि मग त्याला त्या यंत्रापुढे बसवीन. मौखिक परीक्षेत पुन्हा तीच सूचना झाली, तर या खेपेस मी गप्प बसणार नाही.